पाऊस किती झाला? – देशोदेशींच्या गावकरी बायकांची एक संघटना आणि तिच्यातल्या मैत्री

निलगिरी

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. परवा आमच्या शाखेची बैठक झाली आणि घरी आल्यावर राहवलंच नाही.

आम्ही ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्सच्या पश्चिमेला, सिडनीहून गाडीने सहा तासांवरच्या एका गावात राहतो. गहू आणि मेंढ्या, बाकी काही नाही. नवरा दवाखान्यात, मी शाळेत मदतनीस. आलो त्या वर्षी पहिले आठ महिने मी दुकानदार आणि पोस्टातली बाई सोडून कुणाशी धड बोललेसुद्धा नव्हते. मग एक दिवस पोस्टाच्या दारावर चिठ्ठी दिसली: कंट्री विमेन्स असोसिएशन, दर महिन्याचा दुसरा मंगळवार, सकाळी दहा, सोबत एक पदार्थ आणावा. मी शंकरपाळी केली आणि गेले. नऊ बायका होत्या, सगळ्या साठीच्या पुढच्या. कुणी फार चौकश्या केल्या नाहीत. चहा झाला, मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचलं, हिशोब झाला. पुढच्या महिन्यात गेले तर त्या इतिवृत्तात एक ओळ होती: 'नवीन पाहुणीने आणलेल्या तळलेल्या चौकोनी बिस्किटांबद्दल आभार.' त्या ओळीने मला काय वाटलं ते सांगता येत नाही. या गावात माझी पहिली नोंद ती.

ही असोसिएशन 1922 साली सुरू झाली. मैलोन्‌मैल एकट्या असलेल्या शेतांवरच्या बायकांसाठी. गावोगाव तान्ह्या बाळांच्या तपासणीची केंद्रं काढली, रणरणत्या भागातल्या आयाबाळांना चार दिवस समुद्राकाठी राहता यावं म्हणून घरं बांधली. शहरातल्या लोकांना ती फक्त स्कोनसाठी, म्हणजे चहासोबतच्या छोट्या बनसारख्या पदार्थासाठी, माहीत असते, कारण सिडनीच्या ईस्टर जत्रेत त्यांचा चहाचा हॉल असतो.

बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट अशी की आमची ही नऊ-दहा बायकांची शाखा एका जागतिक संघटनेचा भाग आहे. असोसिएटेड कंट्री विमेन ऑफ द वर्ल्ड. 1933 साली स्टॉकहोममध्ये तिची रीतसर स्थापना झाली. कॅनडा, नॉर्वे, केनिया, श्रीलंका, भारत, जिथे जिथे गावातल्या बायकांची मंडळं आहेत तिथली ती एकमेकींना जोडते. दर तीन वर्षांनी कुठल्यातरी देशात मोठं संमेलन भरतं. 2013 साली ते आपल्या चेन्नईत भरलं होतं. आणि 'मैत्रीचे पैसे' म्हणून एक निधी आहे: प्रत्येक बैठकीत बरणी फिरते, ज्याच्या त्याच्या मनाने सुटी नाणी टाकायची. त्यातून संघटनेचं काम चालतं.

आता मूळ मुद्द्यावर येते. आमच्या शाखेत एक आजी आहेत, वय चौऱ्याऐंशी. 1962 साली मेलबर्नला संमेलन भरलं तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या आणि चहा ओतायला म्हणून गेल्या होत्या. तिथे त्यांची नॉर्वेतल्या एका शेतकरी मुलीशी ओळख झाली. कपबश्या विसळता विसळता झाली म्हणे. निघताना पत्ते घेतले. त्यानंतर छप्पन्न वर्षं दोघींनी एकमेकींना पत्रं लिहिली. भेट झाली एकदाच. 1971 ला ओस्लोला संमेलन होतं, पण त्या सुमारास लोकरीचे भाव कोसळले होते, तिकिटाला पैसे नव्हते. 1974 ला पर्थला भरलं तेव्हा आजी रेल्वेने अख्खा देश ओलांडून गेल्या. आठ दिवस सोबत राहिल्या. बस, तेवढंच.

आजींनी मला पत्रांचा डबा दाखवला. निळसर एअरोग्राम, आपल्या आंतरदेशीय पत्रासारखे घडीचे. मी वाटच बघत होते की काहीतरी हृदयातलं लिहिलेलं असेल. जवळजवळ प्रत्येक पत्र एकाच वाक्याने सुरू होतं: तुमच्याकडे पाऊस किती झाला? आजींकडे त्याची वहीच आहे. डाव्या रकान्यात आपल्या शेतावरचा पाऊस, उजव्या रकान्यात नॉर्वेचा. सुरुवातीची वर्षं डावीकडे 'पॉइंट' आहेत, म्हणजे इंचाचे शंभर भाग, आणि उजवीकडे मिलिमीटर. दर वेळी हिशोब करावा लागे. 1974 साली ऑस्ट्रेलियात पाऊस मिलिमीटरमध्ये मोजायला लागले आणि दोन्ही रकाने सारखे झाले. आजी म्हणाल्या, ज्या वर्षी आम्ही भेटलो त्याच वर्षी आमचं मापही जुळलं.

2018 पासून उजवा रकाना रिकामा आहे.

परवाच्या बैठकीनंतर हे सगळं ऐकलं. म्हणून विचारतेय: आपल्याकडे बायकांच्या मैत्री अशा जमतात का? कुठे जमतात? माहेर आणि सासर सोडून, नात्याबाहेर, जातीबाहेर, गावाबाहेर?

मेपलची_पानगळ

फार सुंदर लिहिलंस. एका बैठकीत वाचलं.

मी ओंटारियोत हॅमिल्टनजवळ राहते. तुझ्या आजींच्या संघटनेचं मूळ माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. स्टोनी क्रीक नावाचं गाव, तिथे एर्लंड ली या शेतकऱ्याचं जुनं घर आता संग्रहालय म्हणून ठेवलंय. गोष्ट अशी: ॲडलेड हुडलेस नावाच्या बाईंचा लहानगा मुलगा 1889 साली नासलेल्या दुधाने गेला. त्या काळी दूध उघड्या भांड्यांतून घरोघर यायचं. त्यानंतर त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट धरून ठेवली, की घर चालवण्याचं शिक्षण मुलींना मिळालं पाहिजे. शेतकऱ्यांच्या सभेत त्या म्हणायच्या की जनावरांच्या चाऱ्याबद्दल तुम्ही व्याख्यानं ठेवता, मुलांच्या अन्नाबद्दल का नाही? ली यांनी ते ऐकलं आणि त्यांना स्टोनी क्रीकला बोलावलं. 19 फेब्रुवारी 1897 च्या रात्री, ऐन बर्फात, 101 बायका जमल्या आणि एक पुरुष, म्हणजे ली स्वतः. ते पहिलं विमेन्स इन्स्टिट्यूट, म्हणजे गावातल्या बायकांचं मंडळ.

मी लेकीला घेऊन गेले होते. जेवणाचं टेबल आहे, अक्रोडाच्या लाकडाचं. त्यावर बसून ली यांच्या बायकोने, जॅनेट यांनी, मंडळाची घटना लिहून काढली असं सांगतात. लेक म्हणाली, आई, हे तर आपल्यासारखंच जेवायचं टेबल आहे. मला तेच आवडलं.

चिपळूणकरीण

+१. मी वेल्समध्ये असते, म्हणून पुढचा धागा मी जोडते.

ते मंडळ समुद्र ओलांडून इकडे आणलं मॅज वॉट या कॅनडाच्याच बाईंनी. नवरा वारल्यावर त्या इंग्लंडला आल्या. पहिलं महायुद्ध सुरू होतं, धान्याची टंचाई होती, गावातल्या बायकांनी एकत्र येऊन अन्न पिकवावं, टिकवावं हे त्यांनी लोकांच्या गळी उतरवलं. 1915 च्या सप्टेंबरात अँगल्सी बेटावरच्या त्या प्रसिद्ध लांबलचक नावाच्या गावात, ल्हानवायरपुल्लमध्ये, ब्रिटनमधलं पहिलं मंडळ भरलं. पुढे 1933 ला जागतिक संघटना झाली तिच्या पहिल्या अध्यक्षा याच वॉटबाई, आणि 1947 पर्यंत त्याच होत्या.

दुसऱ्या महायुद्धात इथल्या मंडळांनी गावागावात फळं टिकवण्याची केंद्रं चालवली. साखर सरकारकडून मोजून यायची. 1940 ते 45 या काळात 5,300 टनांहून जास्त फळं त्यांनी जॅम करून, डबाबंद करून टिकवली. इथे लोक 'जॅमवाल्या बायका' म्हणतात ना, तेव्हा मला राग येतो. बागेत झाडाखाली सडून जाणारी फळं होती ती. लोणची-मुरंब्यांनी घर तोलून धरणाऱ्या आपल्या आज्यांना कुणी 'लोणचंवाल्या' म्हटलं तर?

शंकासुर

लेख आवडला, आजींची वही तर फारच. पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही.

या मंडळांच्या इतिहासात कोण आत होतं आणि कोण बाहेर, हेही बघायला हवं. ऑस्ट्रेलियातच 1950 च्या दशकात आदिवासी बायकांसाठी राखीव वस्त्यांवर वेगळ्या शाखा काढल्या गेल्या. वेगळ्या, म्हणजे मूळ शाखेत नाही. दुसरं, परदेशातल्या संमेलनाला जायचं तिकीट कुणाला परवडायचं? ज्यांची शेती मोठी त्यांनाच. शेतमजूर बाई ओस्लोला कशी जाणार? तेव्हा 'गावकरी बायका' म्हणताना नेमक्या कुठल्या, हा प्रश्न राहतोच.

निलगिरी

@शंकासुर, बरोबर आहे तुमचं. मी हे लपवणार नाही. आजींनाच विचारलं मी. त्या म्हणाल्या, "आमच्या जवळच्या वस्तीवर अशी वेगळी शाखा होती. तिथल्या बायका आमच्या हॉलमध्ये प्रदर्शनाच्या दिवशी यायच्या, शिवणाला बक्षीसही मिळवायच्या, आणि संध्याकाळी परत जायच्या. आम्ही कुणीच विचारलं नाही की त्या चहाला का थांबत नाहीत. आता विचार करते तेव्हा लाज वाटते." हे शब्द त्यांचेच, मी फक्त मराठीत आणले. आज आमच्या शाखेत एक आदिवासी ताई आहेत आणि गेल्या वर्षीपासून हिशोब त्या बघतात.

तिकिटाचं म्हणाल तर तेही खरं. माझ्या आजींनाही परवडलं नव्हतंच. म्हणून तर पत्रं.

खडूपाटी

मी निवृत्त शिक्षिका, इतिहास शिकवत असे. शंकासुरांच्या प्रश्नात थोडी भर घालते, कारण ही गोष्ट नुसती गोऱ्या बायकांची नाही.

श्रीलंकेत मेरी रत्नम नावाच्या डॉक्टर होत्या. जन्माने कॅनडाच्या, मिशनतर्फे आल्या. एका तमिळ माणसाशी लग्न केलं म्हणून मिशनने त्यांना दूर केलं. त्या तिथेच राहिल्या. कॅनडातली ही मंडळं पाहून त्यांनी 1930 साली लंका महिला समिती काढली, आणि ती पुरती गावातल्या बायकांची होती: आरोग्य, भाजीपाला, विणकाम, स्वच्छता. 1957 ला जागतिक संघटनेचं संमेलन श्रीलंकेत भरलं. आणि 1958 ला मेरीबाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे होत्या.

त्याआधी आपल्याकडे बंगालमध्ये सरोजनलिनी दत्त यांनी 1913 ला पाबन्यात महिला समिती सुरू केली होती. नवरा सरकारी अधिकारी, जिथे बदली होईल तिथे या समिती काढत. 1925 ला अकाली गेल्या. त्यांच्या नावाची संस्था कोलकात्यात त्याच वर्षी उभी राहिली. म्हणजे कल्पना एकाच दिशेने वाहत आली असं नाही. पडदानशीन बायकांना घराबाहेर एका ओसरीवर आणणं हे त्या काळच्या पाबन्यात केवढं धाडस होतं, विचार करा.

आणि निलगिरी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: आपल्याकडे बचत गट आहेत की! गावोगाव बायका दर महिन्याला जमतात, पैसे ठेवतात, एकमेकींना धीर देतात. हीच ती मैत्री.

जतकर_ताई

खडूपाटी मॅडम, रागावू नका, पण बचत गटाबद्दल मी बोलते कारण मी गटाची सचिव आहे. जत तालुका, जिल्हा सांगली. आमच्या गटात अकरा जणी. बैठकीत काय होतं सांगू? हप्ता. कुणाचा आला, कुणाचा राहिला. रजिस्टर, सह्या, अंगठे, बँकेची फेरी. एकीचा हप्ता थकला की बाकी दहाजणींच्या कपाळाला आठ्या. मैत्री म्हणाल तर पैशाने कधी जुळते, कधी तुटते. दोघी सख्ख्या शेजारणी गटावरून तीन वर्षं बोलत नाहीत आमच्यात.

पण एक खरं. बैठक संपल्यावर आम्ही दहा-पंधरा मिनिटं तशाच बसतो. रजिस्टर मिटलेलं, कुणी उठत नाही. त्यात जे बोलणं होतं ते घरी होत नाही. कुणाचा गर्भ राहिला नाही, कुणाचा नवरा पुण्याहून पैसे पाठवत नाही, कुणाच्या पोरीचं लग्न लवकर लावायला निघालेत. ती पंधरा मिनिटं रजिस्टरमुळेच मिळतात. रजिस्टर नसतं तर सासू म्हणाली असती, कुठं निघालीस उगाच?

निलगिरी

@जतकर_ताई, तुमच्या शेवटच्या वाक्याने मला एकदम काहीतरी समजल्यासारखं झालं. आमचंही तसंच आहे. इतिवृत्त, हिशोब, ठराव, स्पर्धेची तयारी, हे सगळं बघून मी सुरुवातीला कंटाळायचे. आता वाटतं ते सगळं घराबाहेर पडायचं कारण आहे.

स्कोनची गोष्ट सांगते. आजींनी मला शिकवलं: लोणी थंड हवं, पिठात बोटांच्या टोकांनीच चोळायचं, तळव्याची ऊब लागू द्यायची नाही. ताक घालून एकदा सुरीने फिरवायचं, मळायचं नाही अजिबात. साचा सरळ खाली दाबायचा आणि सरळ उचलायचा. फिरवला की कडा दाबली जाते आणि स्कोन एका बाजूला कलून फुगतो. स्पर्धेत परीक्षक पहिलं तेच बघतात. मी सात वेळा कललेले केले. सातही वेळा आजी शेजारी उभ्या होत्या, आणि हात पिठात असताना त्यांनी मला नवऱ्याच्या आजारपणाचं सगळं सांगितलं, जे त्यांनी टेबलाशी बसून कधीच सांगितलं नसतं. आई मला भाकरी शिकवायची तेव्हाही असंच व्हायचं. डोळे परातीत आणि बोलणं भलतीकडे.

रानवाटा_७७

पुरुषाने लिहावं की नाही कळत नाही, तरी लिहितो.

1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. आमचं गाव निफाड तालुक्यातलं, कांद्याचं. माझी आई गेली होती, गावातल्या बायकांबरोबर ट्रॉलीत बसून, छातीवर संघटनेचा लाल बिल्ला. मी नऊ वर्षांचा होतो, मला घरी ठेवलं म्हणून रडलो होतो. लाखोंनी बायका आल्या होत्या. दोन दिवसांनी आई आली ती वेगळीच. बोलायला लागली की थांबेचना. रात्री मंडपात तिच्या शेजारी यवतमाळकडची एक बाई झोपली होती. कापूसवाली. थंडी होती, दोघींनी एकच गोधडी पांघरली. रात्रभर बोलत होत्या, कांद्याचा भाव, कापसाचा भाव, सासऱ्याचं दुखणं. आई त्या बाईचं बोलणं नक्कल करून सांगायची, 'काऊन वं बाई'.

पत्ता घेतला नाही. आईला लिहिता येत नव्हतं, त्या बाईलाही नसावं. नंतर विदर्भात आत्महत्यांच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा आई टीव्हीसमोर बसून प्रत्येक बाईच्या चेहऱ्याकडे निरखून बघायची. मला कारण माहीत होतं, मी कधी विचारलं नाही. आई 2011 ला गेली.

तुमच्या आजींची वही वाचली आणि वाटलं, दोघींपैकी एकीला तरी लिहिता आलं असतं तर.

चिपळूणकरीण

@रानवाटा_७७, काय लिहू कळत नाही. वाचून थोडा वेळ तशीच बसले होते. तुम्ही लिहिलंत हे चांगलं केलंत.

मेपलची_पानगळ

खरंय. आणि यावरून आठवलं, 15 ऑक्टोबर हा जागतिक ग्रामीण महिला दिन असतो. संयुक्त राष्ट्रांनी 2007 साली ठराव केला, 2008 पासून पाळतात. निलगिरीच्या संघटनेला तिथे 1947 पासून सल्लागार म्हणून स्थान आहे. दुसऱ्या दिवशी, 16 ला, जागतिक अन्न दिन. अन्नाच्या आदल्या दिवशी ते पिकवणारी बाई, हा क्रम मला पटतो.

खडूपाटी

जतकरताईंचं म्हणणं मान्य. मी बाहेरून बघून बोलले. भारतीय ग्रामीण महिला संघ आपल्याकडे 1950 च्या दशकापासून आहे आणि तो या जागतिक संघटनेशी जोडलेला आहे, पण गावातल्या गटातल्या बाईला आपण जगातल्या कुणाशी जोडलेले आहोत हे कुठे ठाऊक असतं? रानवाटांच्या आईला पत्ता मिळाला नाही. आज प्रत्येक गटात निदान एक-दोन मुली लिहित्या आहेत. मग पत्रं का नाहीत?

जतकर_ताई

लिहायला मी तयार आहे. पण लिहू काय? आमच्याकडे सांगण्यासारखं काय असतं. मेंढ्या आणि दुष्काळ.

निलगिरी

ताई, अहो मेंढ्या आणि दुष्काळ! इथेही तेच आहे. 2017 ते 2019 इथे असा दुष्काळ पडला की आजींनी साठ वर्षं जपलेला कळप विकला. पन्नास मेंढ्या ठेवल्या फक्त. तुमच्याकडे कुठल्या मेंढ्या?

जतकर_ताई

माडग्याळी. माडग्याळ गाव आमच्याच तालुक्यात. नाक पोपटासारखं बाकदार असतं, जितकं बाकदार तितका भाव जास्त. लोकर फारशी नसते, मटणासाठीच. अंगाने उंच. माझ्याकडे सहा आहेत, एक गाभण.

निलगिरी

आज आजींकडे गेले होते. तुमची माहिती सांगितली, नेटवर फोटोही दाखवला. आजी चष्मा वर करून दोन मिनिटं त्या नाकाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, मी जन्मभर मेरिनो पाळल्या, असं राजबिंडं नाक बघितलं नाही. मग विचारलं की गाभण आहे तिला पहिलंच वेत आहे का, आणि इतक्या उंच मेंढीला जुळी झाली तर दोन्ही जगतात का.

नंतर वही काढली. उजव्या रकान्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, तिला विचार, पाऊस किती झाला.

जतकर_ताई

आजींना नमस्कार सांगा. दुसरं वेत आहे, मागच्या वेळी एकच झालं होतं. जुळी झाली तर एकाला बाटलीने दूध पाजावं लागतं, पण जगतात.

पावसाचं म्हणाल तर तीन आठवडे कोरडे गेले. काल रात्री साडेअकराला आला. मोजायचं यंत्र तलाठ्याकडे असतं, माझ्याकडे नाही. अंगणात पातेलं राहिलं होतं, त्यात सकाळी दोन बोटं पाणी होतं.

निलगिरी

सांगितलं. मी विचारलं, अंदाजाने मिलिमीटर लिहू का? आजी नको म्हणाल्या. पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, ती म्हणाली तसंच लिही, तुझ्या लिपीत.

उजव्या रकान्यात 'जत' लिहिलं. खाली 'दोन बोटं'.